कुत्र्यांच्या मैदानातले काका

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गेटजवळ उकिडवे बसले, माझ्या कुत्रीच्या दोन्ही कानांत डोकावले, तिचा पुढचा पंजा उचलून बोटांच्या फटी तपासल्या आणि तिलाच विचारलं, "नाव काय तुयं?"

कुत्री शेपटी हलवत राहिली. शेवटी मीच म्हणाले, "ब्राउनी."

"तुमाले नाई इचारलं," ते म्हणाले. मग गुडघ्यावर हात टेकवत उठले. "बरं, आता सांगतलं तं सांगतलं. ब्राउनीची माय, पट्टा काढा अन् गेटले लटकवा. कानात गोचिड हायेत. उद्या तेल आणतो मी."

मी पट्टा काढला. ब्राउनी सुटली ती मैदानाच्या पार टोकाला गेली. मला कोपऱ्यात एक सिमेंटचा तुटका बाक दिसला. मी जाऊन त्याच्यावर बसले आणि अर्धा तास नुसती बसून राहिले. खरं सांगायचं तर मी तिथं कुत्रीसाठी गेलेच नव्हते, बसण्यासाठी गेले होते.

ब्राउनी माझी नव्हती. मुलाने आणली होती. तो नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा म्हणाला होता, "आई, दोन महिने सांभाळ." त्याला दोन वर्षं झाली होती. नवरा वणीला कोळशाच्या खाणीवर कामाला. शनिवारी संध्याकाळच्या बसने यायचे, सोमवारी पहाटे परत. घरी सासूबाई. त्यांना काही आठवेनासं झालं होतं, दिवसातून दहा वेळा मलाच विचारायच्या, "बाई, तू कोन? कधी आली?" ऑफिसात शेजारच्या टेबलवरचे सावंत रिटायर झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, म्हणून त्यांचंही टेबल माझ्याकडे. आणि सकाळी ही तीस किलोची कुत्री मला रस्त्यावरून ओढत न्यायची. उजवा खांदा कायमचा दुखायला लागला होता. तेव्हा शेजारणीने सांगितलं, "लोहाऱ्याच्या तिकडं कापसाच्या एका बंद जिनिंगच्या जागेवर एक पागल माणूस कुत्रे मोकळे सोडू देते म्हणे. आपण बसून राहाचं." तिचं शेवटचं वाक्य ऐकूनच मी गेले.

तीन बाजूंनी पडकी भिंत, चौथ्या बाजूला नाल्याच्या अंगाने काटेरी तार. आत कडुलिंबाची रांग, रायमुनियाची झुडपं, पाण्यासाठी सिमेंटचे दोन हौद. गेटवर पत्र्याची पाटी, काकांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली: 'इथे कुत्रे मोकळे असतात. माणसांनी सांभाळून वागावे.' सकाळी सहा ते आठ, दहा-पंधरा लोक यायचे. मास्तर, दुकानदार, बँकेतल्या एक मॅडम, पोलिसातून निवृत्त झालेले एक जण. जागा कोणाची, परवानगी कोणाची, हे कोणी विचारत नव्हतं. मालक कुठे तरी बाहेरगावी होता, त्याच्या चौकीदाराची आणि काकांची ओळख होती, एवढंच.

काका निवृत्त मोजणीदार होते. तीस-बत्तीस वर्षं या जिल्ह्यातली शेतं मोजली, भावाभावांच्या मधे हद्दीचे दगड रोवले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी नागपूरला. ते आणि त्यांचा कुत्रा, असे दोघेच राहायचे. कुत्रा गावठी, काळा, एका डोळ्याने अधू, आणि त्याचं नाव होतं तहसीलदार.

"असं काहून नाव ठेवलं?" मी एकदा विचारलं.

"तीस वर्षं त्यांच्यासमोर उभा राह्यलो," ते गंभीरपणे म्हणाले. "कोणी म्हणे नाई का बस. आता मी म्हणतो." आणि वळून त्यांनी हुकूम सोडला, "तहसीलदार, बस!"

तहसीलदार बसला नाही. तो त्यांचं कधीच ऐकायचा नाही. काकांना त्याचंही काही वाटायचं नाही. "तो बी साहेबच झाला," म्हणायचे.

मैदानाचे नियम त्यांनी केले होते आणि ते कुठे लिहिलेले नव्हते. कुत्र्याची किंमत विचारायची नाही. जात विचारायची नाही. रस्त्यावरचं कुत्रं आत आलं तर हाकलायचं नाही, पण त्याला इंजेक्शन दिलंय की नाही ते काका पाहणार. आणि माणसाला नावाने हाक मारायची नाही. आम्ही सगळे कुणाची ना कुणाची माय किंवा बाप होतो. बँकेतल्या मॅडम 'मोतीची माय' होत्या आणि त्यांना ते आवडायचं नाही. मला आवडायचं. ऑफिसात मी दोन टेबलं होते, घरी औषधाची वेळ होते. इथे निदान एका जिवाची माय होते, तीही दुसऱ्याच्या.

मे महिन्यात एक बांधकामवाले हस्की घेऊन यायला लागले. पांढरा, केसाळ, निळ्या डोळ्यांचा देखणा कुत्रा. यवतमाळचा मे, आणि हे सकाळी नऊला येणार, कारण साहेबांची झोप तेव्हा व्हायची. तिसऱ्या दिवशी काका घरी न जाता त्यांची वाट पाहत गेटवर थांबले. मला त्या दिवशी सुटी होती म्हणून मीही होते.

कुत्रा गाडीतून उतरला आणि डांबरावर एकेक पाय उचलून नाचायला लागला.

"साहेब, जोडे काढा," काका म्हणाले.

"काय?"

"जोडे काढा अन् इथं उभे राहा. मी बी काढतो." आणि त्यांनी खरंच आपल्या चपला काढल्या, डांबरावर उभे राहिले. सत्तरीचा माणूस. चेहरा हलला नाही. तो बांधकामवाला आधी हसला, मग चिडला, मग काय वाटलं कोण जाणे, त्यानेही बूट काढले. दहा आकडे मोजायच्या आत उडी मारून गाडीत जाऊन बसला.

"याले तं जोडे बी नाईत," काका कुत्र्याकडे पाहून म्हणाले. "अन् वरतून रजई पांघरून हाय."

दुसऱ्या दिवसापासून हस्की पावणेसहाला यायला लागला. काकांच्या तळव्यांना मात्र फोड आले. आठवडाभर ते लंगडत होते आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, "काटा गेलता."

माझ्यावर पाळी आली ती पावसाळ्यानंतर. नाल्याच्या बाजूने एक म्हातारी रोज तारेखालून आत यायची, बकऱ्यांसाठी चारा कापायला. सगळे कुत्रे तिला ओळखायचे. त्या सकाळी नणंदेचा फोन आला होता. आईला आपल्याकडे न्यायला जमणार नाही, हेच ती वेगवेगळ्या शब्दांत सांगत होती आणि मी 'हो, हो' म्हणत होते. म्हातारीने विळा उचलला, ब्राउनीला काय वाटलं देव जाणे, तिने जाऊन म्हातारीचा हात धरला. मी धावेपर्यंत रक्त निघालं होतं.

काकांनी म्हातारीला हौदाजवळ बसवलं आणि साबण लावून तिचा हात धुवायला घेतला. पंधरा मिनिटं धुतला. म्हातारी म्हणत होती, "राहू दे ना बाप्पा, हयद लावतो मी घरी."

"हयदीनं नाई होत," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सरकारी दवाखान्यात घेऊन जा हिले. आज. मंग तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या अन् अठ्ठाविसाव्या. पाच वेळा."

"काका, ब्राउनीची सगळी इंजेक्शनं झालेली आहेत," मी म्हणाले. "आणि आज ऑफिसात..."

"मंग?"

"दुसरं कोणी घेऊन गेलं तर चालणार नाही का? मी सांगते कोणाला तरी."

त्यांनी तेव्हा पहिल्यांदा मला 'तू' म्हटलं. "कुत्रं कोनाचं हाय?" ते म्हणाले. "तिचा पट्टा सुटला म्हणजे तुया बी सुटला, असं नसते बाई."

मला रडू आलं. ब्राउनी माझी नाही, हे तोंडापर्यंत आलं होतं. तिथल्या तिथे खाली बसून म्हणावंसं वाटलं, काहीच माझं नाही हो, सगळं कोणीतरी ठेवून गेलंय. पण म्हातारी हात वर धरून उभी होती. मी तिला स्कूटीवर मागे बसवलं.

पाच वेळा गेलो. पहिला दिवस सोडून चारही वेळा सकाळी सहाला काकांचा फोन यायचा: "आज तारीख हाय." दवाखान्याच्या रांगेत म्हातारी मला तिच्या बकऱ्यांची नावं सांगायची. चौथ्या वेळी तिने पदरात बांधून अंबाडीची भाजी आणली. पाचव्या वेळी म्हणाली, "आता सुई संपली, मंग तू कायले येशील!" मी हसले. रांगेत बसून मी किती दिवसांनी हसले होते, ते मलाच आठवेना.

मैदान गेलं त्याची गोष्ट सांगायला मला अजूनही जड जातं.

जागा विकली गेली. नवा मालक तिथे गोदाम बांधणार होता. चौकीदाराने येऊन सांगितलं तेव्हा सगळे हळहळलो, पण एक आशा होती. कडुलिंबाच्या रांगेपलीकडे नाल्यापर्यंत एक लांब पट्टी होती. ती या जागेत येत नाही, सरकारी पडीक आहे, असं सगळे धरून चालले होते. तेवढी पट्टी राहिली तरी दहा कुत्री आरामात धावली असती.

एका सकाळी मोजणीची दोन तरुण माणसं मशीन घेऊन आली. नवा मालकही होता. त्यांनी कडुलिंबाच्या रांगेजवळ खुणा केल्या आणि चुना टाकायला घेतला. पट्टी बाहेर राहत होती. मोतीच्या मायने माझा हात दाबला. मालकाचीही काही तक्रार नव्हती, तो फोनवर बोलत होता.

काका बाकावर बसले होते. ते पाहत राहिले. मग उठले, काठी घेतली आणि त्या मुलांपाशी गेले.

"बाबू, तिकडं नाई," ते म्हणाले. "दगड रायमुनियात हाय. वीस-बावीस पावलं पुढं."

"आजोबा, मशीन हे दाखवून राह्यली ना," एक मुलगा म्हणाला.

"मशीन आजची हाय. दगड मी रोवला."

ते झुडपात शिरले. काठीने फांद्या बाजूला केल्या, पायाने माती उकरली. खाली शेवाळलेला, वर खूण कोरलेला दगड होता. मुलांनी कागद पुन्हा पाहिले, एकमेकांकडे पाहिलं, चुन्याची रेघ पुसली आणि नाल्याच्या काठाने नवी मारली. पट्टी गेली.

त्या दिवशी मी माणसांना असं ओरडताना पहिल्यांदा पाहिलं. आमच्यातले निवृत्त पोलीस म्हणाले, "तुमाले कोनं इचारलं होतं? मालकाले बी नोयतं पाह्यजे!" मोतीची माय रडत होती. हस्कीवाले म्हणाले, "काका, तुम्हीच केलं अन् तुम्हीच मोडलं." कोणीतरी गेटवरची पाटी काढून नाल्याकडे भिरकावली. काका तहसीलदाराला घेऊन निघून गेले. पट्टा न लावता. तो त्यांच्या मागेमागे आपणहून चालत होता.

मी चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी त्यांच्या घरी गेले. रागावूनच गेले होते. ते ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते.

"काहून केलं काका असं?"

हातातली शेंग सोलून ते म्हणाले, "मुकुटबनकडं एक शेत मोजलं होतं मी. जवानीतली गोष्ट. एक इधवा बाई अन् तिचा दीर. खरं मोजलं तं बाईची इहीर दिराच्या हिश्श्यात जात होती. मले दया आली. दगड सरकवला. हातभर नाई, चांगला सात-आठ हात."

"मग?"

"मंग काय. दिराले समजलं. दोन वर्षं बोलणं बंद, तिसऱ्या वर्षी दोन शेतांमधल्या धुऱ्यावर काठ्या निंगाल्या. त्या बाईच्याच पोराचा डोया गेला." त्यांनी एक शेंग उघडली, आतून किडलेली निघाली, ती बाजूला टाकली. "तिच्यासाठी केलं होतं मी. तिचाच पोरगा. तवापासून मले खोटं जमत नाई. तुमचे कुत्रे मले दिसत होते बाई. पण दगड बी दिसत होता."

मी समोर बसून शेंगा सोलू लागले.

मैदान बंद झालं आणि माणसं पांगली. काही जण बायपासच्या कडेने पट्टा लावून फिरायचे, काहींनी कुत्री गावाकडे शेतावर पाठवली. काकांशी बहुतेक जण बोलेनासे झाले. ते आणि तहसीलदार सकाळी रस्त्यावर दिसायचे, हळूहळू चालणारे दोघं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी ते माझ्या घरी आले. रविवार होता, नवरा झोपले होते, मी सासूबाईंचे केस विंचरत होते. तहसीलदार दारात धापा टाकत बसला.

"मुलगी नागपूरले बोलावून राह्यली," ते म्हणाले. "आता एकट्यानं राहू नका म्हणते. बरोबर हाय तिचं. चक्कर येते मले. पण तिच्या बिल्डिंगीत कुत्रा चालत नाई." मग त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं. "तुयाकडं ठेवशील काय याले? जास्त दिवसाचा नाई तो आता."

सासूबाईंनी तेवढ्यात मला विचारलं, "बाई, तू कोन?"

मी आयुष्यात कोणाला 'नाही' म्हटलेलं नव्हतं. मुलाला नाही, नणंदेला नाही, साहेबांना नाही. त्या दुपारी म्हटलं. "काका, मला नाही जमणार. खरंच नाही जमणार."

त्यांनी मान हलवली. "चालते," म्हणाले. पाण्याचा पेला रिकामा केला, तो पालथा घालून ठेवला आणि उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ते नागपूरला गेले नाहीत. कुत्र्यासाठी इथेच राहिले. मला हे ठाऊक होतं. बायपासवर ते दिसले की मी स्कूटी हळू करायचे, "कसे आहात?" विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता निघून जायचे.

थंडीत ते न्हाणीत पडले. कमरेचं हाड मोडलं. सकाळी पडले ते दुपारी शेजाऱ्यांना कळलं. कुत्रा भुंकायचा थांबेना म्हणून शेजारी पाहायला गेले होते. मला दुसऱ्या दिवशी कळलं. ऑफिसातून अर्धी रजा टाकली आणि डब्यात मऊ खिचडी घेऊन दवाखान्यात गेले.

मुलगी आली होती. माझ्याच वयाच्या आसपासची, रात्रभर जागलेली, डोळे सुजलेले. माझी ओळख करून देताना काका म्हणाले, "ही ब्राउनीची माय." तिला काही कळलं नाही. तिने मला स्टूल दिलं आणि माझ्याकडे पाहून, पण त्यांना ऐकू जावं म्हणून बोलायला लागली.

"वर्षभर बोलावते आहे मी यांना. एका कुत्र्यासाठी इथं पडून राहिले. यवतमाळात एवढी ओळख यांची, एवढे कुत्रेवाले लोक. एकाने ठेवला असता तर आज हे नसतं झालं." मग वळून त्यांना म्हणाली, "बाबा, तुम्ही कोणाला विचारलं तरी होतं का?"

माझ्या हातात डबा होता. झाकण अर्धं उघडलेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण ते माझ्याकडे पाहत नाहीयेत हे मला कळत होतं. ते छताकडे पाहत होते.

"नाई," ते म्हणाले. "कोनालेच नाई इचारलं."

"का नाही विचारलं?"

"राह्यलं तसंच."

ती डोळे पुसत औषधं आणायला बाहेर गेली. मी खिचडी वाटीत काढली. दोन घास त्यांना भरवले आणि मग मला राहवेना. मी म्हणाले, "काका, तहसीलदाराला मी नेते. आजच नेते."

ते हळूच माझ्याकडे वळले. कमरेची कळ आली असावी, डोळे क्षणभर मिटले.

"नको," ते म्हणाले. "पोरगी करन काई तरी. खालच्या मजल्यावरचं घर पाहून राह्यली ती. तू नको घेऊ. तू आधीच लय थकली हायस माय."

पुढच्या महिन्यात मुलीने खरंच तळमजल्याचं घर घेतलं आणि दोघांनाही घेऊन गेली. कुत्रा तिथे पाच महिने जगला, काका दीड वर्ष. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी मी स्टुलावर बसले होते, हातात खिचडीची वाटी होती, आणि आजवर माझ्या घरात कोणी जे पाहिलं नव्हतं ते त्या पडलेल्या माणसाने पाहिलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पुढचा घास द्यायची वाट पाहत. मी चमचा भरला.